गाभण तपासणी

गाय, म्हैस किंवा अन्य पाळीव मादी रेतनानंतर फळली आहे की रिकामी राहिली आहे, हे ठरवण्यासाठी केलेली तपासणी. गोठ्यावर हिला 'गाभण बघणे' म्हणतात. नावात 'गाभण' असले तरी तपासणीचा खरा फायदा रिकामे जनावर लवकर हुडकण्यात आहे. गाभण गाय तपासली नाही म्हणून वासरू व्हायचे थांबत नाही. रिकामी गाय मात्र तपासेपर्यंत वैरण खात उभी राहते. पुढे आलेली प्रत्येक नवी पद्धत याच कसोटीवर पाहिली तर तिचे मोल नीट कळते : रिकामे जनावर ती किती लवकर आणि किती खात्रीने सांगते?

दिवसांचे गणित. गाय आणि म्हैस दोघींचे माजाचे चक्र साधारण २१ दिवसांचे असते. १८ ते २४ दिवसांपर्यंतचा फरक नेहमीचाच. गाभण काळ गायीत सुमारे २८० दिवस आणि म्हशीत सुमारे ३१० दिवस. 'गाय नऊ महिने नऊ दिवस, म्हैस दहा महिने दहा दिवस' हा बोलण्यातला हिशेब शास्त्राशी चांगलाच जुळतो. वर्षाला एक वासरू हवे असेल तर ३६५ मधून २८० वजा जाता हातात ८५ दिवस उरतात. त्यातले पहिले ४५ ते ६० दिवस गर्भाशय पूर्ववत होण्यात जातात. म्हणजे गाय भरवायला एखाद-दोन माजच मिळतात. म्हशीच्या बाबतीत तर ५५ दिवसच शिल्लक राहतात, त्यामुळे तिच्याकडून १३-१४ महिन्यांना एक वेत मिळाले तरी समाधान मानतात. एक माज हुकला की २१ दिवस गेले, आणि रिकामेपण तीन महिन्यांनी कळले तर चार माज हातचे गेले.

'उलटली नाही, म्हणजे लागली'. ही सर्वांत जुनी आणि बिनखर्चाची कसोटी. कांडी भरल्यावर, म्हणजे कृत्रिम रेतन केल्यावर, २१ दिवसांच्या आसपास जनावर पुन्हा माजावर आले तर ते उलटले, नाही आले तर गाभण. ही कसोटी दोन्ही बाजूंनी फसवते. माज न दिसण्याचे कारण गर्भच असतो असे नाही. बीजांडकोश थंड पडलेला असेल, गर्भाशयात पू साठला असेल, किंवा माज आला पण कोणाच्या नजरेस पडला नाही, असेही होते. उलट काही थोड्या गायी गाभण असूनही माजाची लक्षणे दाखवतात. अशा गायीला न तपासता पुन्हा रेतन केले आणि नळी गर्भाशयात गेली, तर चांगला गर्भ पडू शकतो.

म्हशीचा मुका माज हे या फसगतीचे मोठे कारण. माजावरची गाय हंबरते, दुसऱ्या जनावरावर चढते, तिच्या शेपटीखाली काचेसारखी स्वच्छ बळस (माजाचा चिकट स्राव) लोंबते. म्हशीत यातले बरेचसे झाकलेले राहते. दुसरीवर चढणे क्वचित, ओरडणे कमी, बळसही लोंबत नाही. म्हैस बसली की पोटाच्या दाबाने थोडी बाहेर येते आणि जमिनीवर सांडते. माज बहुधा रात्री किंवा पहाटे असतो आणि उन्हाळ्यात तर तो आणखीनच दबतो. म्हणून अनुभवी गवळी म्हैस उठवल्यावर ती बसली होती ती जागा आधी पाहतो. दूध एकाएकी कमी देणे, पान्हा चोरणे, वरचेवर थोडी थोडी लघवी करणे या खुणांवरही त्याचे लक्ष असते.

हाताने तपासणी. गुदमार्गातून हात घालून गर्भाशय चाचपणे ही आजही सर्वाधिक वापरातली पद्धत आहे. जनावर खोड्यात घेतात, शेपूट एका बाजूला धरतात, खांद्यापर्यंतचा मोजा चढवून त्यावर साबणाचे पाणी किंवा लिक्विड पॅराफिन लावतात. आधी शेण काढावे लागते. आतडे आवळले की जोर न करता हात तसाच थांबवायचा, लाट ओसरली की पुढे सरकायचे. नवखा माणूस घाई करतो, आणि मग मोज्यावर रक्त दिसते.

आतड्याच्या पातळ भिंतीतून खाली प्रथम गर्भाशयाचे मुख लागते, कडक रबरी नळकांड्यासारखे. त्याच्या पुढे गर्भाशयाची दोन शिंगे. रिकाम्या गायीत ती मेंढ्याच्या शिंगांसारखी वळलेली, दोन्ही जवळपास सारख्या जाडीची असतात आणि चाचपल्यावर बोटांखाली ताठरतात. ३५ ते ४० दिवसांच्या गाभण गायीत एक शिंग किंचित मोठे, पातळ भिंतीचे आणि पाण्याच्या फुग्यासारखे लागते. याच सुमारास गर्भाभोवतीचे पटल निसटण्याची खूण मिळते. शिंगाची भिंत अंगठा आणि बोटाच्या चिमटीत हलकेच उचलून सोडली की आतले पटल दोऱ्यासारखे आधी निसटते, भिंत मागाहून. दुहेरी कापडातला अस्तराचा पदर आधी सुटावा, तसे. ही जाणीव सांगून येत नाही. शेकडो जनावरे चाचपल्यावर बोटांना आपोआप उमगते. या काळातला भ्रूणकोष दाबून पाहण्याचा मोह मात्र टाळावा.

अडीच महिन्यांनंतर गर्भाशयाच्या भिंतीवर गर्भवेष्टनाच्या गाठी बटणांसारख्या लागू लागतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून गर्भाशयाच्या मधल्या धमनीत एरवीच्या ठोक्याऐवजी सलग थरथर जाणवते. पाण्याच्या पाइपवर हात ठेवला की धावत्या पाण्याची जाणवते तशी. चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भाशय पोटात खाली उतरते आणि गर्भ हाताच्या टप्प्याबाहेर जातो. तेव्हा ही थरथर आणि गाठी यांवरच भिस्त असते. सातव्या महिन्यानंतर वासराचे खूर हाताला लागतात. चिमटा घेतला तर ते पाय ओढून घेते.

चूक होते ती बहुधा तीन ठिकाणी. भरलेले मूत्राशय गर्भाशय वाटते, पू साठलेले शिंग गाभण शिंगासारखे लागते, आणि आत वाळून ममी झालेला गर्भ गर्भासारखाच कठीण लागतो. पुवाच्या बाबतीत पटल निसटत नाही, गाठी नसतात, धमनी थरथरत नाही. म्हणून केवळ 'शिंग मोठे आहे' एवढ्यावर गाभण म्हणू नये, किमान एक पक्की खूण मिळवावी, असा दंडक आहे.

माजावर आणण्याच्या इंजेक्शनाआधीची तपासणी वेगळी सांगायला हवी, कारण तिथे चूक महागात पडते. १९७० च्या दशकात प्रोस्टाग्लँडिन एफ-२-अल्फा हे संप्रेरक गोठ्यापर्यंत पोचले. ते बीजांडकोशावरचा पीतपिंड विरघळवते आणि दोन ते पाच दिवसांत गाय माजावर येते. गर्भ टिकवून धरणारा पीतपिंडही हाच. त्यामुळे गाभण गायीला हे इंजेक्शन दिले की पहिल्या पाच महिन्यांत तरी ती हमखास गाभडते, म्हणजे तिचा गर्भ पडतो. 'माजावर येत नाही, सुई मारा' अशी मागणी मालकाकडून आली की शहाणा डॉक्टर आधी मोजा चढवतो.

दूध आणि रक्तावरच्या चाचण्या. पीतपिंडातून प्रोजेस्टेरॉन स्रवते आणि ते दुधातही उतरते, हे लेंग आणि हीप या ब्रिटिश संशोधकांनी १९७१ मध्ये दाखवले. इतकी सूक्ष्म मात्रा मोजणे शक्य झाले ते सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यॅलो यांच्या रेडिओइम्युनोअॅसे (किरणोत्सारी खूण आणि प्रतिपिंडे वापरून मोजण्याच्या) तंत्रामुळे. यॅलो यांना त्यासाठी १९७७ चे नोबेल मिळाले. रेतनानंतर २१ ते २४ दिवसांनी दुधात प्रोजेस्टेरॉन कमी आढळले तर गाय रिकामी, हे जवळजवळ निश्चित. जास्त आढळले तर मात्र 'गाभण असावी' एवढेच म्हणता येते. रेतन चुकीच्या दिवशी झालेले असू शकते, पीतपिंड गर्भाशिवायही रेंगाळतो, किंवा त्या दिवशी जिवंत असलेला भ्रूण आठवड्याने मरतो. गाभण ठरवायला ही चाचणी कमी पडते, रिकामी ओळखायला मात्र फार चांगली. म्हणजे गोठ्याला हवे ते ती देते, तेही हात घालण्याच्या दोन आठवडे आधी.

गर्भाच्या अस्तित्वाची थेट खूण देणारी चाचणी नंतर आली. वारेतील द्विकेंद्रकी पेशी काही विशिष्ट ग्लायकोप्रथिने आईच्या रक्तात सोडतात. त्यांपैकी पीएसपीबी (प्रेग्नन्सी-स्पेसिफिक प्रोटीन बी) हे प्रथिन १९८२ मध्ये अमेरिकेत वेगळे केले गेले, आणि १९९१ मध्ये बेल्जियममध्ये याच कुळातील पीएजी (प्रेग्नन्सी-असोसिएटेड ग्लायकोप्रोटीन) शुद्ध करण्यात आले. रेतनानंतर २८ दिवसांपासून रक्तात आणि पुढे दुधातही ती सापडतात. पण व्यायल्यावरही ती बरेच आठवडे रक्तात रेंगाळतात, म्हणून लवकर भरवलेल्या गायीत मागच्या वेताचाच अंश 'गाभण' असे उत्तर देऊ शकतो. गर्भ मेला तरी काही दिवस हाच घोटाळा राहतो.

याहून आधीची खूण शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत. गायीचा भ्रूण १६ व्या-१७ व्या दिवसाच्या सुमारास इंटरफेरॉन-टाऊ हे प्रथिन सोडून आईच्या शरीराला 'मी आहे, पीतपिंड राहू दे' असा निरोप देतो. या निरोपाने आईच्या पांढऱ्या रक्तपेशींतील काही जनुके जागी होतात आणि ती १८ ते २० दिवसांच्या सुमारास मोजता येतात. चाचणी भरवशाची झाली तर पुढचा माज येण्याआधीच रिकामी गाय कळेल. अडचण भ्रूणांच्या मरतुकीची आहे : बहुतेक बीजांडे फळतात, पण त्यांतली पुष्कळशी पहिल्या काही आठवड्यांतच संपतात. जितके लवकर 'गाभण' म्हणावे, तितके ते खोटे ठरण्याची शक्यता अधिक. म्हणूनच लवकरच्या कोणत्याही चाचणीनंतर दोन महिन्यांच्या सुमारास फेरतपासणी करतात.

सोनोग्राफी. पशुप्रजननात तिचा शिरकाव घोडीपासून झाला. फ्रान्समधील पामर आणि द्रियांकूर यांचा घोडीवरील शोधनिबंध १९८० चा. गायीवरील काम १९८४ च्या सुमारास पुढे आले. गुदमार्गातून प्रोब घालून २८ दिवसांचा गर्भ दिसतो, आणि काळ्या पाण्यात लुकलुकणारे हृदय दिसले की वाद मिटतो. हाताला न कळणारी दोन उत्तरे इथे मिळतात : गर्भ जिवंत आहे का, आणि रिकाम्या गायीच्या बीजांडकोशावर नेमके काय आहे. ५५ ते ७० दिवसांच्या दरम्यान जननगाठीच्या (गर्भाचे बाह्य जननेंद्रिय जिच्यापासून बनते त्या उंचवट्याच्या) जागेवरून कालवड की गोऱ्हा हेही सांगता येते. यंत्राची किंमत आणि गोठ्यातला उजेड-धूळ यांमुळे गावपातळीवर अजून हातच चालतो.

गव्हाचे दाणे. प्राचीन इजिप्तमध्ये स्त्रीचे मूत्र गहू आणि जवावर घालून, धान्य उगवले तर गर्भ आहे असे मानत. भारतात १९९३ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात हीच कल्पना गायीवर आजमावल्याचे प्रसिद्ध झाले, पण उत्तर उलटे आले. पाणी घालून पातळ केलेल्या गाभण गायीच्या मूत्रात गहू दबतो, कोंब आखूड राहतात. रिकाम्या गायीच्या मूत्रात तो बरा उगवतो. कन्नड लोकगीतातल्या सत्यवचनी गायीवरून ही चाचणी 'पुण्यकोटी' नावाने ओळखली जाते. दोन बश्या, मूठभर गहू आणि पाच दिवस एवढ्यावर ती भागते. मूत्र नेहमी सारखेच घट्ट नसते आणि गव्हाचे बियाणेही एकसारखे नसते, त्यामुळे एकट्या तिच्यावर विसंबून सुई मारणे धोक्याचे.

रिकामेपणाची कारणे शोधणे हा तपासणीचा पुढचा भाग. पाचव्या महिन्यानंतर गाभडणे आणि मागाहून वार अडकणे यांत ब्रुसेलोसिस या जंतुजन्य रोगाचा संशय आधी घेतात. हा रोग माणसालाही होतो, म्हणून पडलेला गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नयेत. त्यासाठी रक्तावर 'रोझ बेंगाल' नावाची चाचणी करतात. दुधावरची कडे-चाचणी पाहण्यासारखी असते : रंगवलेले मृत जंतू दुधात मिसळून ठेवले की रोगी गायीच्या दुधातील प्रतिपिंडे त्यांना धरतात, सायीबरोबर वर नेतात, आणि परीक्षानळीत सायीच्या जागी रंगीत कडे उमटते. लस फक्त चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना, तीही एकदाच देतात. कालवड जन्मतः गोऱ्ह्याची जुळी असेल तर कारण वेगळे : गर्भात दोघांच्या रक्तवाहिन्या जोडल्या जाऊन नराच्या प्रभावाने तिचे प्रजननसंस्थान खुंटते. अशा जुळ्या कालवडींपैकी ९० टक्क्यांहून अधिक वांझ निघतात, त्यामुळे ती दोन वर्षे पोसण्याआधीच तपासून घ्यावी.

अन्य जनावरे. शेळी-मेंढीत हात घालता येत नाही, म्हणून पोटावरून सोनोग्राफी. घोडीत १४ ते १६ दिवसांनाच पाहतात, कारण जुळे असल्यास एक भ्रूणकोष तेव्हाच दाबून नाहीसा करावा लागतो. घोडीला जुळी सहसा तडीस नेता येत नाहीत. कुत्रीत प्रोजेस्टेरॉन कुचकामी ठरते. गाभण असो वा नसो, माजानंतर दोन महिने ते सारखेच चढलेले राहते. त्यामुळेच रिकामी कुत्रीही कधी कधी दूध उतरवते, कोपऱ्यात अंथरूण ओढते आणि चपलेला पिल्लू समजून चाटत बसते. तिच्यासाठी वारेतून येणाऱ्या रिलॅक्सिनची चाचणी करतात, आणि तीही मिलनानंतर साधारण चार आठवडे होईपर्यंत उत्तर देत नाही.