अमेरिकन शहरांची भीती कुठून येते?

अमेरिकेत जनमत चाचण्या घेणारे गॅलपवाले लोकांना विचारत असतात की गेल्या वर्षीपेक्षा देशात गुन्हे वाढले का, आणि 1993 पासून बहुतेक वेळा जास्त लोकांचं उत्तर 'हो, वाढले' हेच आलंय. एफबीआयचे आकडे मात्र सांगतात की 1993 ते 2022 मध्ये हिंसक गुन्ह्यांचा दर जवळजवळ निम्म्यावर आला. 2020 ला खून एकदम 30 टक्क्यांच्या आसपास वाढले हे खरंय, पण बाकीची इतकी वर्षं लोक चुकत होते त्याचं काय?

एक कारण टीव्ही. शिकागोत 2021 ला साधारण 800 खून झाले म्हणजे दिवसाला दोनच्या वर, 2024 ला ते 600 च्या आत आले म्हणजे दिवसाला दीड. घट प्रचंड आहे, पण रात्रीच्या बातम्यांना एक खून पुरतो आणि तेवढे दोन्ही वर्षी होतेच, मग बघणाऱ्याला फरक कळणार कसा.

पण मला सगळ्यात भारी वाटतो तो सॅम्पसन आणि रॉडनबुश या समाजशास्त्रज्ञांचा अभ्यास. 1995 मध्ये त्यांच्या टीमने शिकागोच्या रस्त्यांवरून हळूहळू गाडी नेत दोन्ही बाजूंचं शूटिंग केलं आणि मग कचरा, ग्राफिटी, सोडून दिलेल्या गाड्या, उघड्यावर दारू पिणारे, असं सगळं मोजलं. दुसरीकडे रहिवाशांना विचारलं की तुमच्या भागात हे प्रकार कितपत आहेत. दोन्ही जुळवल्यावर दिसलं की लोकांच्या मतावर कॅमेऱ्यातल्या घाणीचा परिणाम होतोच, पण वस्तीत कृष्णवर्णीय किती आणि गरिबी किती याचा त्याहून जास्त होतो. म्हणजे कचरा तेवढाच आणि पोलिसांकडचे गुन्हेही तेवढेच असले तरी कृष्णवर्णीय, गरीब वस्ती लोकांना जास्त बिघडलेली 'दिसते', आणि हे खुद्द कृष्णवर्णीय रहिवाशांनाही तसंच दिसतं! मेंदू अर्धवट पुराव्यात आधीची समजूत मिसळून निष्कर्ष काढतो, त्या समजुतीला संख्याशास्त्रात प्रायर म्हणतात, पुरावा जितका धूसर तितका प्रायरचा वाटा मोठा, आणि रस्त्यावर टोळकं उभं आहे हा पुरावा भलताच धूसर असतो.

हे प्रायर बातम्यांमधूनही भरलं जातं. गिलियम आणि अय्यंगार या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी 2000 मध्ये छापलेल्या प्रयोगात काही प्रेक्षकांना संशयिताचा चेहराच नसलेली गुन्ह्याची बातमी दाखवली. तरी 60 टक्क्यांहून जास्त लोकांना चेहरा बघितल्याचं 'आठवलं', आणि त्यातल्या 70 टक्क्यांनी तो कृष्णवर्णीय होता असं सांगितलं.



सॅम्पसन पुढेही शिकागोच्या मागे लागून राहिले. ज्या वस्त्यांबद्दल 'इथे बिघडलंय' असं लोकांचं एकमत होतं तिथून पुढच्या वर्षांत लोक जास्त निघून गेले आणि गरिबी वाढली, प्रत्यक्षात घाण किती होती हे धरूनसुद्धा.