प्रतिस्थापन चल (एसक्यूएल)

ओरॅकल या डेटाबेसच्या, एसक्यूएल भाषेतील आज्ञा चालवणाऱ्या एसक्यूएल प्लस या साधनात '&' खूण लावलेल्या नावाच्या जागी मजकूर भरण्याची सोय. वारंवार लागणारी अट, रकान्यांची यादी किंवा टेबलाचे नाव एकदाच लिहून अनेक स्क्रिप्टांत (आज्ञांच्या फाइलींत) वापरता येते. ही भरती क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) सर्व्हरकडे जाण्याआधीच होते. सर्व्हरला चल दिसतच नाही. त्यामुळे कोलनने लिहायच्या बाइंड चलाशी (ज्याचे मूल्य सर्व्हरकडे वेगळे जाते) त्याची गल्लत करू नये.

एसक्यूएल प्लसचा पूर्वावतार यूएफआय ओरॅकलच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत होता. आजचे नाव १९८५ च्या सुमाराच्या पाचव्या आवृत्तीपासूनचे. '&' या खुणेचे मूळ युनिक्स शेलमध्ये (त्या प्रणालीला आज्ञा देण्याच्या साधनात) शोधण्याचा मोह होतो, कारण &१, &२ ही क्रमांकी नावे तिकडची वाटतात. पण शेलची खूण डॉलरची, आणि नाव संपल्याचे सांगणारा बिंदू तिथे नाही. उलट आयबीएमच्या सिस्टिम/३६० संगणकांच्या (१९६४) असेंब्लर मॅक्रोभाषेत चलाचे नाव '&' ने सुरू होते, पुढचा मजकूर बिंदूने जोडतात आणि खरा बिंदू हवा असल्यास दोन देतात. एसक्यूएल प्लसमध्येही '&मालक..ऑर्डर' असेच लिहावे लागते. हा दुसरा उगम अधिक संभाव्य दिसतो.

समजा, सोलापुरातील एका चादर-टॉवेल कारखान्याच्या विक्री, शिल्लक आणि येणे या तिन्ही पत्रकांना एकच अट लागते : माल अक्कलकोट रोड किंवा चिंचोली एमआयडीसीतला, नमुने वगळून. ती 'सामाईक' फाइलीत डिफाइन या, चलाला मूल्य देणाऱ्या आज्ञेने लिहावी. आत एकेरी अवतरणे असल्याने सगळी अट दुहेरी अवतरणांत घालावी. प्रत्येक पत्रकाच्या आरंभी ही फाइल '@@' ने बोलवावी, म्हणजे ती बोलावणाऱ्या स्क्रिप्टशेजारी शोधली जाते. 'किंवा' असलेला भाग कंसातच हवा. कंस राहिला तर 'आणि' आधी लागू होतो आणि नमुन्यांचा माल पत्रकात शिरतो. त्रुटीचा संदेश येत नाही, आकडे मात्र चुकतात.

डिफाइनच्या मूल्याला २४० अक्षरांची मर्यादा सांगितली जाते. लांब तुकडा म्हणूनच वेगळ्या फाइलीत, अर्धविरामाशिवाय ठेवतात आणि क्वेरीच्या मध्येच, ओळीच्या आरंभी '@@' देऊन ओढतात. त्या फाइलीत एखादी कोरी ओळ राहिली की क्वेरी तिथेच तुटते, कारण क्वेरीत कोरी ओळ चालू देणारी एसक्यूएलब्लँकलाइन्स ही सेटिंग मुळात बंद असते.

'&&' मूल्य एकदाच विचारते आणि सत्र संपेपर्यंत धरून ठेवते. मार्चचे पत्रक काढून त्याच सत्रात एप्रिलचे काढले तर मार्चचीच तारीख लागते. म्हणून स्क्रिप्टच्या शेवटी अनडिफाइनने ते मूल्य पुसावे. 'चादर & टॉवेल' असे नाव अवतरणांत असले तरी साधन 'टॉवेल'चे मूल्य विचारत बसते. अशा ठिकाणी 'सेट डिफाइन ऑफ' ही आज्ञा देऊन भरती बंद करावी. व्हेरिफाय ही सेटिंग चालू असेपर्यंत ओळीचे जुने व नवे रूप पडद्यावर दिसते. तपासणी पुरी होईतो ते बंद करू नये. बाहेरून आलेला मजकूर मात्र या मार्गाने क्वेरीत घालू नये : तो मूल्य न राहता क्वेरीचाच भाग होतो.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसच्या पीएसक्यूएल साधनात हेच काम कोलनने होते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या एसक्यूएलसीएमडीत डॉलर आणि कंसाने.