गाणं लॉसलेस, पण कानापर्यंत पोचतं का?

नाशिक ढोलच्या रेकॉर्डिंगमध्ये एमपीथ्रीला सगळ्यात जड जातो तो ढोल नव्हे, ताशा. ढोलाचा ठोका घुमतो आणि सावकाश विरतो. ताशावरची काडी मात्र एकदम येते: आधी काही नाही, मग थेट कडाका. एमपीथ्री आवाजाचे तुकडे पाडून एकेक तुकडा दाबत जाते. एका चौकटीत आवाजाची ११५२ मोजमापं, म्हणजे नमुने; वेळात सेकंदाचा चाळिसावा भाग म्हणा. काडी नेमकी तुकड्याच्या शेवटी पडली, तर दाबताना झालेली खरखर मागे अख्ख्या तुकड्यात पसरते आणि काडी पडायच्या आधीच तिची धूसर चाहूल लागते. याला प्री-एको म्हणतात. एन्कोडर, म्हणजे आवाज दाबणारा प्रोग्रॅम, चांगला असेल तर अशा जागी तो तुकडे आणखी लहान करतो, आणि बिटरेट, म्हणजे सेकंदामागे मिळणारे बिट, भरपूर असेल तर हा दोष बहुतेकांच्या कानाला लागतही नाही. गणपतीत दहा ग्रुप फिरून आलेल्या क्लिपमध्ये ताशा आणि झांज एकमेकांत कालवलेले ऐकू येतात, ते मात्र याच जातीच्या दाबादाबीमुळे. प्रत्येक फेरीत थोडं थोडं गळत जातं.

लॉसलेस म्हणजे ही गळती शून्य. ॲपल म्युझिकने जून २०२१ मध्ये जास्तीचे पैसे न घेता लॉसलेस सुरू केलं. स्पॉटिफायने त्याच वर्षी फेब्रुवारीत घोषणा केली होती, प्रत्यक्षात आणायला सप्टेंबर २०२५ उजाडला. तेव्हापासून नाशिकच्या एम. जी. रोडवरच्या मोबाइलच्या दुकानांत ‘यात लॉसलेस वाजतं का’ हा प्रश्न ऐकू यायला लागला आहे. प्रश्न बरोबर आहे. उत्तर बहुतेक वेळा ‘हो, वाजतं ना’ असं येतं आणि ते बहुतेक वेळा चुकीचं असतं.

आधी आकडे. सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. तिच्यात दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाच्या लहरीची उंची मोजलेली असते आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहिलेलं असतं. डावी-उजवी अशा दोन बाजू धरून सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. माणसाचा कान, तोही तरुण आणि धडधाकट, २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. नियम असा, की एखादी लहर पुन्हा जशीच्या तशी उभी करायची तर तिच्या वारंवारतेच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावी लागते. म्हणून ४०,००० च्या वर काहीतरी हवंच होतं. पण ४४,१०० हा असा आडमुठा आकडाच का? त्या काळात एवढी माहिती साठवायला व्हिडिओ टेपच वापरायचे. अमेरिकी पद्धतीच्या टीव्ही चित्रात वापरता येणाऱ्या २४५ रेषा, सेकंदाला ६० फील्ड (अर्धी चित्रं), प्रत्येक रेषेवर ३ नमुने: गुणाकार करून बघा. युरोपी पद्धतीत २९४ रेषा आणि ५० फील्ड, उत्तर तेच येतं. टीव्हीच्या हिशेबातून आलेला आकडा आपण अजून ऐकतो आहोत.

आता दाबण्याचे दोन मार्ग. एमपीथ्री, एएसी, ऑग व्हॉर्बिस हे ‘कानाला कळणार नाही ते टाकून द्या’ या पंथाचे. मोठी झांज वाजत असताना तिच्या आसपासच्या पट्टीतला बारीक आवाज झाकला जातो, मग तो साठवायचा कशाला, असा त्यांचा विचार. विचार वाईट नाही. या युक्तीनेच सेकंदाला १४११ किलोबिटचं गाणं ३२० मध्ये बसतं आणि बरंचसं तसंच वाटतं. पण टाकलं ते टाकलं. ३२० च्या एमपीथ्रीची पुन्हा मोठी फाइल बनवली, तरी वाढतो तो फक्त आकार.

दुसरा मार्ग फ्लॅकचा. जॉश कोलसनने लिहिलेला हा फॉरमॅट २००१ मध्ये आला, मोफत आणि खुला. ॲपलचा अलॅक २००४ चा, तोही पुढे २०११ मध्ये खुला झाला. फ्लॅक काही टाकत नाही, अंदाज बांधतो. समजा आवाजाचे लागोपाठ तीन नमुने आहेत १०००, १०१० आणि १०१९. चढ असाच राहिला तर पुढचा १०२८ असायला हवा. प्रत्यक्षात तो १०२६ निघाला. मग १०२६ लिहायचंच कशाला? ‘उणे २’ एवढंच लिहा. ऐकणाऱ्याच्या फोनमधला फ्लॅकही तोच अंदाज बांधतो, दोन वजा करतो आणि नेमका १०२६ वर येतो. संगीतातल्या लहरी बऱ्याच अंशी अंदाजात सापडतात, त्यामुळे उरणारे फरक लहान असतात आणि लहान आकडे कमी बिटांत मावतात. ते मावण्याची जी पद्धत फ्लॅक वापरतो ती नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या रॉबर्ट राइस यांच्या नावाने ओळखली जाते. १९७० च्या दशकात त्यांनी ती अंतराळयानातून येणाऱ्या चित्रांसाठी विकसित केली होती. अंतराळयानांसाठीचं गणित आता आपल्या प्लेलिस्टमध्ये कामाला आहे, याची मला फार मौज वाटते.

फाइल साधारण निम्म्याच्या आसपास येते, कधी थोडी जास्त. कच्चा खरखराट असेल तर फ्लॅक हात टेकतो, कारण खरखरीचा अंदाज बांधता येत नाही. जुन्या तबकड्यांवरून उतरवलेल्या ध्वनिमुद्रणात हे दिसतं. शास्त्रीय गायक दत्तात्रेय विष्णु पलुस्कर यांचा जन्म नाशिकचा, १९२१ चा. १९५५ मध्ये, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी ते गेले. त्यांचं बरंच गाणं मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवर आहे. अशा तबकडीवर वरच्या पट्टीतलं फारसं काही टिपलंच गेलेलं नसतं. तिची लॉसलेस फाइल म्हणजे तबकडीवर जे होतं ते सगळं, सुईच्या चरचरीसकट. जे खोबणीत उतरलंच नाही ते कुठलाही फॉरमॅट आणून देणार नाही. तरीही जतन करायचं असेल तर लॉसलेसच हवं, कारण उद्या चरचर काढायचं आणखी चांगलं तंत्र आलं, तर ते एमपीथ्रीवर चालवण्यात अर्थ नाही.

आता उपकरणांकडे. खरी अडचण इथेच आहे.

सर्व्हरवरून फोनपर्यंत लॉसलेस नीट येतं. चार मिनिटांचं गाणं पंचवीसेक एमबी धरा, रोजच्या दीड जीबीत साठेक गाणी बसतात. पुढे फोनपासून कानापर्यंतचा रस्ता. मुंबई-आग्रा हायवे कितीही रुंद केला तरी गाड्या नाशिकच्या द्वारका चौकात अडायच्या त्या अडतातच. आपल्याकडचा तो चौक म्हणजे ब्लूटूथ. प्रत्येक ब्लूटूथ हेडफोनला एसबीसी हा कोडेक, म्हणजे आवाज दाबायची आणि उलगडायची पद्धत, यावाच लागतो, आणि तो सहसा ३२८ किलोबिटच्या आत चालतो. आयफोन एएसी वापरतो. सोनीचा एलडॅक, जो अँड्रॉइडमध्ये २०१७ च्या ओरिओ आवृत्तीपासून आहे, जास्तीत जास्त ९९० किलोबिट देतो, आणि गर्दीत ६६० किंवा ३३० वर उतरतो. १४११ कुठे आणि ९९० कुठे! म्हणजे फोन फ्लॅक उलगडतो, लगेच पुन्हा दाबतो आणि मग हवेत सोडतो. महागडे एअरपॉड्सही ब्लूटूथवर लॉसलेस वाजवत नाहीत, हे खुद्द ॲपल सांगतं. क्वालकॉमचा ॲप्टएक्स लॉसलेस हा २०२१ मधला प्रयत्न खरा लॉसलेस आहे, पण फोन आणि इअरबड्स दोन्हीत तो हवा, सिग्नलही चांगला हवा. एवढं जुळलेली जोडी क्वचित दिसते.

डब्यावरच्या सोनेरी-काळ्या ‘हाय-रेझ’ (हाय-रिझोल्यूशन, म्हणजे सीडीहून वरचा दर्जा) शिक्क्याचंही तसंच. तो जपान ऑडिओ सोसायटीचा आहे आणि खोटा नाही. पण त्याच्या ‘वायरलेस’ प्रकारासाठी एलडॅकसारखा कोडेक चालतो. शिक्का आहे म्हणून लॉसलेस आहे, असं होत नाही.

मग वाजतं कशावर? वायर असलेल्या साध्या हेडफोनवर. फोनला गोल जॅक असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर टाइप-सीचं छोटं डॉंगल लागतं, आणि इथे एक मेख आहे. काही डॉंगलमध्ये डिजिटल आकड्यांचा विद्युतप्रवाह करणारी चिप असते, तिला डॅक म्हणतात. काही नुसती वायर असतात, ती फोनने स्वतः ॲनालॉग सिग्नल बाहेर दिला तरच चालतात. दुकानात ‘यात डॅक आहे का’ एवढं विचारा आणि आपल्याच फोनला लावून ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका. आयफोन २४ बिट, ४८ किलोहर्ट्झपर्यंतचं लॉसलेस स्वतः हाताळतो, त्यावरच्या १९२ किलोहर्ट्झपर्यंतच्या गाण्यांना बाहेरचा डॅक लागतो. एअरपॉड्स मॅक्सच्या यूएसबी-सी आवृत्तीला २०२५ पासून वायरने लॉसलेस येतं. होमपॉडसारख्या वाय-फायवरच्या स्पीकरना ही अडचण नाही, तिथे रस्ता रुंदच आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ४४.१ ची गाणी वाटेत ४८ किलोहर्ट्झमध्ये बदलली जातात. शास्त्र म्हणून तो बिघाड, कानाला तो कळेल असं मला वाटत नाही.

आणि ऐकू तरी किती येतं? मेयर आणि मोरन यांचा २००७ मधला प्रयोग बघण्यासारखा आहे. हाय-रिझोल्यूशन तबकडी आणि तीच सीडीच्या दर्जाला उतरवून, यातली कुठली कुठली ते ओळखायचं. ५५४ चाचण्यांत बरोबर उत्तरं जेमतेम निम्मी आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखीच. २०१६ मध्ये रीस यांनी अनेक प्रयोग एकत्र तपासले तेव्हा आकडा ५२ टक्क्यांच्या थोडा वर गेला. फरक असेलही, पण असला तर एवढाच. सीडीच्या वर, १९२ च्या मागे लागायचं कारण मला तरी दिसत नाही. एमपीथ्री विरुद्ध लॉसलेस ही लढत जरा वेगळी: १२८ किलोबिटला फरक पुष्कळांना कळतो, ३२० ला फार थोड्यांना, तेही शांत खोलीत. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसमध्ये चाकांचा खडखडाट, चहावाल्याच्या आरोळ्या आणि शेजारच्याचा फोन एवढ्या गदारोळात कोणी लॉसलेस ओळखून दाखवलं, तर त्याच्या कानांना माझा नमस्कार. कसारा घाटातल्या बोगद्यांत नेटवर्क जातं ते निराळंच.

स्वतः पडताळायचं असेल तर एकच गाणं दोन दर्जात घ्या आणि दुसऱ्या कोणाला तरी, तुम्हाला न सांगता, उलटसुलट लावायला सांगा. दोन्हींचा आवाज अगदी सारखा ठेवा. किंचित मोठं वाजणारं गाणं कानाला नेहमी ‘जास्त चांगलं’ वाटतं, आणि दुकानातल्या डेमोत हीच चलाखी चालते.

माझं मत विचाराल तर पैसे आधी बऱ्यापैकी वायरच्या हेडफोनवर घाला, प्लॅन नंतर बघा. हेडफोन बदलल्याने पडणारा फरक घरातल्या कोणालाही कळतो, फॉरमॅटचा फरक शोधावा लागतो.

प्लॅन घेतलाच असेल तर सेटिंग एकदा उघडून बघा. लॉसलेस आपोआप सुरू होत नाही. ॲपल म्युझिकमध्ये ते ऑडिओ क्वालिटीखाली चालू करावं लागतं. तिथलंच डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे चहूबाजूंनी आवाज आल्याचा भास देणारी पद्धत, हेही तपासा, कारण ते ऑटोमॅटिकवर असलं तर काही गाणी ॲटमॉसमध्ये वाजतात आणि स्ट्रीमिंगमधलं ॲटमॉस लॉसलेस नसतं. स्पॉटिफायमध्ये वाय-फाय, मोबाइल डेटा आणि डाउनलोड यांचा दर्जा वेगवेगळा निवडायचा असतो, आणि फोनवर निवडलेलं लॅपटॉपवर जात नाही. तिथे पुन्हा वेगळं करावं लागतं.