बाण किती तोळ्यांचा?

किराणा दुकानातल्या काट्यावर बाण तोलता येत नाही. तिथे एका ग्रॅमचा फरक कळतही नाही, आणि बाणाच्या हिशेबात एक ग्रॅम म्हणजे पंधरा ग्रेनहून जास्त. एवढ्यानेही निशाणा वरखाली होतो. म्हणून खानापुरातून बेळगावात आलो की मी शहापुरातल्या ओळखीच्या सराफाकडे जातो. गिऱ्हाईक ओसरले की ते ताटली पुसतात आणि बाण आडवा ठेवून काटा स्थिर होईपर्यंत थांबतात. मागच्या खेपेला आकडा २३.३३ ग्रॅमवर थांबला. "जुने दोन तोळे की हो हे," ते म्हणाले.

अगदी बरोबर. कंपनी सरकारने १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरवला. आज बाजारात दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, पण जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे ९६ गुंजांचा. धनुष्यबाणाच्या जगात मात्र अजून ग्रेनच चालतो. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा, आणि गुंज म्हणजे आपल्या कुंपणावरच्या वेलीची लाल-काळी बी. बारीक वजनासाठी दोन्हीकडच्या माणसांनी बीच निवडली, हे मला फार आवडते. ३६० ग्रेन म्हटल्यावर हाताला काही जाणवत नाही, दोन तोळे म्हटल्यावर जाणवते. म्हणून पुढे दोन्ही मापे येतील.

वाद असा आहे: शिकारीच्या धनुष्यावर हलका, वेगवान बाण चढवावा की जड, संथ? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि हत्यार बंदुकीऐवजी धनुष्य असले म्हणून त्यातून सुटका नाही. अमेरिकेत मात्र परवाना घेऊन धनुष्याने शिकार करता येते. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये त्यासाठी वेगळा हंगाम सुरू केला. त्यामुळे या वादावरचे अलीकडचे लिखाण तिकडचे आहे. प्रश्न मात्र फार जुना आहे, आणि त्याची मुळे आपल्या मातीतही आहेत.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बाणांची यादी आहे: वेणु, शर, शलाका, दंडासन आणि नाराच. पहिलाच बाण बांबूचा. आपल्या बेळगावचे जुने नावही वेणुग्राम, बांबूचे गाव. दोरीसाठी त्याच ग्रंथात रुई, ताग, बांबू, जनावराचे स्नायू अशी नावे येतात. यातले बहुतेक आजही खानापूरच्या बांधावर दिसते. बांबूतही पोकळ कळक वेगळा आणि जवळजवळ भरीव माणगा वेगळा. सारख्याच जाडीच्या दोन काठ्या हातात घेतल्या की वजनातला फरक लगेच कळतो. बाण करणाऱ्याला हलका की जड हा निर्णय काठी तोडतानाच घ्यावा लागत असणार.

यादीतला शेवटचा, नाराच, हा दुसऱ्या टोकाचा बाण. धनुर्वेदाच्या ग्रंथांनी त्याची व्याख्याच केली आहे: सगळा लोखंडी, पाच रुंद पिसांचा, आणि मोजक्यांनाच साधणारा. शेवटचे विशेषण महत्त्वाचे. जड बाण लवकर खाली येतो, म्हणून अंतराचा अंदाज पक्का लागतो आणि ओढणाऱ्याच्या दंडात ताकद लागते. सिकंदराचा दर्यासारंग निआर्कस याने पाहिलेल्या भारतीय धनुष्याचे वर्णन ग्रीक इतिहासकार एरियनने जपून ठेवले आहे. माणसाच्या उंचीचे धनुष्य जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने दाबून ओढत. बाण तीन हातांहून थोडाच कमी. आणि त्यापुढे ढाल टिकत नसे, चिलखत टिकत नसे. वेगाचे कौतुक त्यात कुठेच नाही, आहे ते घुसण्याचे.

उलट टोक तुर्कस्तानात दिसते. तिथे केवळ लांब फेकण्यासाठी वेगळे, अतिशय हलके बाण करत, आणि सुलतान तिसरा सेलीम याने १७९८ मध्ये ९७२ यार्ड, म्हणजे जवळजवळ ८९० मीटर, बाण टाकल्याची नोंद आहे. त्या बाणाने ढाल फोडायची नव्हती.

आपल्या भागाशी सर्वात जवळचा ग्रंथ म्हणजे मानसोल्लास. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याच्या नावाने तो ११२९ च्या सुमारास तयार झाला. बेळगावचा मुलूख तेव्हा याच सत्तेखाली होता. ग्रंथ संस्कृत, राजधानी कर्नाटकात आणि आत मराठी ओळीही सापडतात. सीमाभागात राहणाऱ्या माझ्यासारख्याला हा योग सुखावतो. राजाच्या करमणुकीत मृगयेला तिथे मोठी जागा आहे, आणि त्या कलेचा बराच भाग जनावराच्या जवळ कसे पोहोचायचे याचा आहे. जो इतका जवळ जातो त्याला वेगाची घाई नसते, असे माझे मत.

हे सगळे अनुभवाने कळलेले शहाणपण. त्यामागचे गणित मांडायला विसावे शतक उजाडावे लागले. क्लॅरेन्स हिकमन आणि पॉल क्लॉपस्टेग या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञांनी धनुष्य प्रयोगशाळेत आणले, आणि क्लॉपस्टेगने १९४३ मध्ये एक अतिशय उपयोगी गोष्ट मांडली. दोरी सुटली की साठलेली सगळी शक्ती बाणाला मिळत नाही. धनुष्याचे लिम्ब, म्हणजे मुठीच्या दोन्हीकडचे वाकणारे भाग, आणि दोरी यांनाही पुढे धावावे लागते. त्यांचा वाटा जणू बाणाला चिकटलेले जास्तीचे वजन आहे असे धरले की वेगाचा हिशेब जुळतो. हे आभासी वस्तुमान एका धनुष्यासाठी जवळपास तेच राहते, बाण कोणताही चढवा.

समजा एका धनुष्यातून दोन तोळ्यांचा बाण सेकंदाला ८५ मीटर वेगाने सुटतो आणि त्याचे आभासी वस्तुमान ७० ग्रेन आहे. त्याच धनुष्यावर तीन तोळ्यांचा, म्हणजे ५४० ग्रेनचा, बाण चढवला तर वेग सुमारे ७१ मीटरवर येईल. वेग साधारण सहाव्या हिश्शाने घटला. पण धावणाऱ्या शक्तीतला हलक्या बाणाचा वाटा शंभरात ८४ होता, तो आता ८९ झाला, आणि संवेग, म्हणजे वजन गुणिले वेग, सुमारे पावपटीने वाढला. उरलेली शक्ती धनुष्यातच राहते आणि थरथर, आवाज होऊन बाहेर पडते. जड बाण लावला की धनुष्य शांत होते ते यामुळे.

आता दुसरी बाजू, तीही तितकीच खरी. निशाणा ४० मीटरसाठी लावला आणि लक्ष्य प्रत्यक्षात ४५ वर निघाले, तर हवेचा अडथळा सोडून, हलका बाण साधारण १५ सेंटिमीटर खाली लागेल आणि जड बाण २२. हरणाच्या छातीच्या मापात हे सात सेंटिमीटर म्हणजे ठार होणे आणि जखमी होऊन जंगलात पळून मरणे यांतला फरक असू शकतो. वेगाच्या बाजूने बोलणारे या कारणासाठी बोलतात, आणि त्यांना उथळ म्हणणे अन्याय आहे. मात्र दोरीचा आवाज ऐकून जनावर दचकते, ते वेगाने टाळता येईल हा त्यांचा दावा मला पटत नाही. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. तीस मीटरवर तो एक दशांश सेकंदाच्या आत पोहोचतो. हलक्या बाणाला ०.३५ सेकंद लागतात आणि जड बाणाला ०.४२. दोघेही हरतात. तिथे उपयोग होतो तो शांत धनुष्याचा.

लाकडी धनुष्यांच्या काळात ही ओढाताण फारशी जाणवत नव्हती. लिम्ब जड, आभासी वस्तुमान मोठे, त्यामुळे बाण हलका करून वेगात मिळायचे तेवढे मिळत नसे. चित्र बदलले ते दोन टप्प्यांत. जेम्स ईस्टनने १९३९ मध्ये ॲल्युमिनियमचे बाण केले आणि डझनभर बाण एकाच वजनाचे मिळू लागले. १९८० च्या दशकात कार्बन आला आणि बाण ताठ राहूनही हलका झाला. दरम्यान मिसुरीच्या हॉलेस विल्बर ॲलनने १९६६ मध्ये चाके लावलेल्या धनुष्याचे पेटंट मागितले, ते १९६९ च्या डिसेंबरात मिळाले. हेच कंपाऊंड. आजच्या कंपाऊंडमध्ये ७० पौंडांचे, म्हणजे ओढायला जवळपास ३२ किलोंचा जोर लागणारे, धनुष्य पूर्ण ओढल्यावर बोटांवर सहा-सात किलोच भार राहतो. निवांत नेम धरता येतो.

मग विक्रीसाठी आकडा हवा झाला. जुनी मोजणी ६० पौंडांच्या धनुष्यावर ५४० ग्रेनचा बाण चढवून होई, म्हणजे नेमके तीन तोळे, पौंडाला नऊ ग्रेन. नंतर गाजली ती आयबीओ, म्हणजे इंटरनॅशनल बोहंटिंग ऑर्गनायझेशन, या संस्थेची मोजणी: ७० पौंड आणि ३५० ग्रेन, पौंडाला पाच. दोन तोळेही पुरते नाहीत. याला कारण होते. आयबीओच्या स्पर्धेत फोमची जनावरे झाडीत न सांगितलेल्या अंतरावर ठेवलेली असत आणि अंतर डोळ्याने ओळखायचे असे. वर केलेला पंधरा आणि बावीस सेंटिमीटरचा हिशेब तिथे जिंकवत किंवा हरवत असे. पण तोच आकडा जाहिरातीत गेला आणि शिकारीला निघालेला माणूसही पौंडाला पाच ग्रेनचा बाण शोधू लागला. फोमला हाड नसते, ही गोष्ट मागे पडली. लेझरने अंतर मोजणारी यंत्रे हातात आल्यावर तर वेगाचे निम्मे काम त्यांनीच उचलले, तरी आकड्याची ओढ राहिली.

पौंडाला पाच ग्रेनखाली जाऊ नये अशी ताकीद असते, ती मी एकदा मोडली आहे. हलका पॉइंट, म्हणजे बाणाचे टोक, लावून बघू म्हणून चारच्या आसपासचा बाण सोडला, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला लिम्बला चीर गेली. बाणाने न नेलेली शक्ती धनुष्याला सोसावी लागते, हे क्लॉपस्टेगचे गणित वाचण्याआधी मला असे कळले.

जड बाजूचा मोठा आवाज डॉ. एड ॲशबी यांचा. १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ भागात त्यांनी बाण किती घुसतो याच्या नोंदी ठेवल्या. त्यांचा ६५० ग्रेनचा आकडा, साडेतीन तोळ्यांहून थोडा अधिक, लोकांनी उचलला: जाड हाड फोडायचे तर एवढे वजन हवे. पण त्यांच्या क्रमवारीत वजन बरेच खाली आहे. पहिले, बाण कुठेही मोडू नये. दुसरे, तो सरळ, न डगमगता उडावा. त्यानंतर वजन पुढच्या टोकाकडे असावे, पाते अरुंद आणि लांब असावे. वेडावाकडा उडणारा साडेतीन तोळ्यांचा बाण सरळ उडणाऱ्या अडीच तोळ्यांच्या बाणापेक्षा वाईट, हे ॲशबींचे नाव घेणारे बरेचजण विसरतात.

आपल्या मैदानावर हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. कंपाऊंडला स्पर्धेत ६० पौंडांची मर्यादा आहे आणि मोकळ्या मैदानात अंतर ५० मीटर. तिथे घुसण्याचे काम नाही, वारा कापायचा असतो, म्हणून बाण बारीक कार्बनचा आणि पॉइंट वजनदार. हॉलमध्ये १८ मीटरवर वारा नाही, तेव्हा तेच खेळाडू ९.३ मिलिमीटरपर्यंतचे जाड बाण काढतात, कारण जाड बाण रेषेला शिवला तर वरचा गुण मिळतो. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले तेव्हापासून आमच्याकडची पोरे कंपाऊंडच मागतात, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाऊंडची मिश्र दुहेरी आल्यावर तर विचारायलाच नको. येताना ती वेगाचा आकडा पाठ करून येतात. मी त्यांना आधी शहापूरला नेतो. बाराही बाण एकेक करून काट्यावर ठेवायचे आणि सर्वात जड आणि सर्वात हलका यांत किती गुंजांचा फरक आहे ते वहीत लिहायचे. मागच्या महिन्यात एका मुलीच्या भात्यात तो नऊ गुंजांचा निघाला, आणि तिचा एक बाण नेहमी खाली का लागतो हे तिला तिथेच, सराफाच्या बाकावर बसल्या बसल्या उमगले.