सेल्फ की टॅग? क्रूझवरून उतरण्याच्या सकाळचे दोन पर्याय

क्रूझ संपायच्या आदल्या दिवशी केबिनमध्ये एक कागद येतो किंवा ॲपवर विचारणा होते: सामान स्वतः नेणार (सेल्फ) की टॅग लावून आमच्याकडे देणार? नागपूरहून गेलेली बरीच कुटुंबं याचा अर्थ ‘लवकर उतरायचं की उशिरा’ असा घेतात आणि साहजिकच लवकरवर बोट ठेवतात. खरं तर आदल्या रात्रीपासून सकाळपर्यंत तुमची मोठी बॅग कोणाच्या ताब्यात राहणार, एवढंच त्यात ठरतं. उतरण्याची वेळ त्यावरून पुढे ठरते.

सेल्फमध्ये बॅगा रात्रभर केबिनमध्येच राहतात. सकाळी क्लिअरन्स, म्हणजे उतरण्याची मंजुरी, मिळाली की त्या ओढत गँगवेवरून, म्हणजे जहाज आणि धक्का जोडणाऱ्या पुलावरून, उतरायचं. अट एकच, पण कडक: सगळं सामान एका फेरीत, आपल्याच हातांनी. ‘ही ठेवून येतो, मग दुसरी आणतो’ हे चालत नाही, कारण गँगवेवर क्रूझचं कार्ड शेवटचं स्कॅन झालं की जहाजाच्या नोंदीत तुम्ही उतरलेले असता. कर्मचारी त्या वेळी दुपारी चढणाऱ्या नव्या प्रवाशांसाठी केबिन आवरण्यात गुंतलेले असतात, त्यांच्याकडून मदतीची अपेक्षा धरू नका. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत, आधीच भरून येते. गँगवेचा उतारही भरती-ओहोटीनुसार बदलतो. चढताना जवळजवळ सपाट वाटलेला पूल उतरताना चांगलाच उतरता असू शकतो. अशा उतारावर चाकांची जड बॅग मागून ओढली तर ती टाचेवर येऊन आदळते. ती बाजूला धरावी आणि दुसरा हात कठड्यासाठी मोकळा ठेवावा.

म्हणून आदल्या दिवशी एक चाचणी करून पाहा. भरलेली बॅग घेऊन प्रत्येकाने एक मजला जिना उतरायचा. घरातल्या एकालाही ते जमलं नाही, तर सेल्फ तुमच्यासाठी नाही. आजी-आजोबा सोबत असतील, कडेवर मूल असेल, किंवा कोणाला जहाजाची व्हीलचेअर लागणार असेल, तर टॅगच घ्या. व्हीलचेअरची नोंद गेस्ट सर्व्हिसेसकडे (जहाजावरच्या मदत काउंटरवर) आदल्या दिवशीच करावी लागते. ऐन सकाळी मागितली तर खुर्ची रिकामी होईपर्यंत थांबावं लागतं.

टॅगची पद्धत अशी. केबिनमध्ये रंगाचे किंवा क्रमांकाचे टॅग येतात. प्रत्येक मोठ्या बॅगेला एक, त्यावर नाव, केबिन क्रमांक आणि मोबाइल नंबर. विमानाचे जुने टॅग आधी फाडून टाका. रात्री ठरलेल्या वेळेपर्यंत, म्हणजे जहाजानुसार साधारण दहा ते बारा, बॅगा दाराबाहेर ठेवायच्या. त्या गोळा होऊन जाळीच्या ट्रॉल्यांत भरल्या जातात, खालच्या डेकवर जातात आणि सकाळी तिथून टर्मिनलच्या हॉलमध्ये येतात. तिथे विमानतळासारखा फिरता पट्टा असेलच असं नाही. बहुतेक ठिकाणी रंग किंवा क्रमांकाप्रमाणे बॅगा जमिनीवर रांगेत उभ्या असतात. शेकडो काळ्या सूटकेसमध्ये आपली ओळखायची, तर मुठीवर रंगीत नाडी किंवा जुन्या साडीचा काठ बांधा. टॅग दिसेल असा बॅगेचा फोटोही काढून ठेवा.

टॅगवरचा क्रमांक म्हणजे बोलावण्याचा क्रम. कागदावर त्यापुढे वेळ छापलेली असली तरी ती अंदाजाची असते. आपला क्रमांक पुकारला जाईपर्यंत लाउंजमध्ये किंवा नाश्त्याच्या जागी बसायचं. गँगवेजवळ जाऊन उभं राहिलं तर फक्त रस्ता अडतो.

टॅगच्या बाबतीत खरी गडबड होते ती रात्री. एकदा बॅग दाराबाहेर गेली की सकाळी टर्मिनलमध्येच भेटते. घाईत सगळे कपडे भरले जातात आणि सकाळी अंगावर फक्त रात्रीचा पायजमा उरतो. साडी बाहेर ठेवलेली असते, पण परकर-ब्लाउज बॅगेत गेलेलं असतं. बूट भरले जातात आणि पायात केबिनच्या सपाता राहतात. उपाय सोपा आहे: बॅग बंद करण्याआधी उद्याचा पूर्ण पोशाख, चपला-बुटांसकट, पलंगावर मांडायचा आणि मगच चेन लावायची. हातातल्या पिशवीत पासपोर्ट किंवा आधार, क्रूझचं कार्ड, बीपी-शुगरच्या गोळ्या, इन्सुलिन, चष्मा, कवळीची डबी, दागिने, चार्जर, टूथब्रश आणि नागपूरच्या घराची किल्ली. फुटणारी वस्तू आणि बाटल्या दाराबाहेरच्या बॅगेत नकोत. ट्रॉलीत त्या बॅगेवर दुसऱ्या बॅगा रचल्या जातात. केबिनमधली तिजोरी रिकामी करून तिचं दार उघडंच ठेवा, म्हणजे निघताना नजरेला पडते.

दोन्ही पर्यायांची सरमिसळ केली की गोंधळ वाढतो. मोठ्या बॅगा टॅगला देऊन स्वतः सेल्फवाल्यांबरोबर उतरलात, तर तुम्ही हॉलमध्ये पोचता, पण बॅगा अजून यायच्या असतात. लवकर उठण्याचा काही उपयोग होत नाही. उलट, टॅग घेतला आणि रात्रीची वेळ चुकली, तर बॅग आपोआप तुमच्या गळ्यात पडते. सकाळी ती स्वतःच न्यावी लागते. कुटुंबात वाटणी करायचीच असेल तर अशी करावी: धडधाकट दोघांनी आपापली एकेक बॅग घेऊन आधी उतरायचं आणि बाकीच्यांनी टॅगच्या बॅगांसोबत मागून यायचं.

जहाज धक्क्याला लागण्याची वेळ आणि तुमची उतरण्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सातला जहाज लागलं तरी दोर बांधणं, गँगवे जोडणं आणि बंदरातल्या अधिकाऱ्यांची मंजुरी यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. धुकं किंवा बंदरातली गर्दी असेल तर जास्त. परदेशी बंदराला जाऊन आलेल्या जहाजावर इमिग्रेशन आणि कस्टम्सही आलं. केबिन मात्र साधारण आठ-नऊच्या सुमारास रिकामी करावी लागते, आणि नाश्ताही रोजच्यापेक्षा लवकर आटोपतो.

नागपूरकरांनी पर्याय ठरवताना आधी परतीचं तिकीट समोर ठेवावं. मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून सीएसएमटी टॅक्सीने जवळ आहे. नागपूरची विदर्भ किंवा दुरांतो एक्सप्रेस संध्याकाळी-रात्री सुटते, म्हणजे दिवस मोकळाच असतो. अशा वेळी सेल्फची धावपळ कशाला? निवांत टॅग घ्या. स्टेशनच्या क्लोकरूममध्ये बॅगा ठेवायच्या असतील तर त्यांना कुलूप हवं, ते आधीच सोबत असू द्या. विमान असेल तर हिशेब बदलतो. बंदर दक्षिण मुंबईच्या टोकाला, विमानतळ उपनगरात, मधे सकाळची वाहतूक, आणि देशांतर्गत विमानाचं बॅगेज काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. दुपारी एकच्या आधीचं नागपूरचं विमान आम्ही सुचवणार नाही, सेल्फ असलं तरी. तिकिटावर विमानतळ आणि टर्मिनल कोणतं हे पाहाच; आता नवी मुंबई विमानतळही सुरू झाला आहे. शिवाय जहाजावर बॅगेच्या किलोंची कोणी फिकीर करत नाही, पण देशांतर्गत इकॉनॉमीत चेक-इनला बहुधा 15 किलोच मिळतात. पॉवर बँक टॅगच्या बॅगेत राहिली असेल तर विमानाआधी ती हातातल्या सामानात घ्या.

सिंगापूरहून जाऊन परत सिंगापूरलाच येणाऱ्या क्रूझवर उतरताना त्या देशात नव्याने प्रवेश होतो, म्हणून अरायव्हल कार्ड (प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म) पुन्हा भरावं लागतं. ते फोनवर आदल्या दिवशीच उरका.

बिलाचं काम दोन्ही पर्यायांत सारखंच. झोपण्याआधी टीव्हीवर किंवा ॲपवर खातं तपासा. चुकीची रक्कम दिसली तर रात्रीच गेस्ट सर्व्हिसेसला जा; सकाळी तिथे मोठी रांग असते. रोख भरणाऱ्यांनीही रात्रीच हिशेब मिटवावा. डेबिट कार्ड दिलं असेल, तर जहाजाने अडवून ठेवलेली रक्कम खात्यात मोकळी व्हायला काही दिवस लागू शकतात. त्या दिवशीच्या टॅक्सीसाठी वेगळे पैसे ठेवा.

हॉलमध्ये बॅग दिसली नाही तर आधी शेजारच्या रंगाच्या रांगा पाहा, टॅग सुटून बॅग तिकडे गेलेली असते. तरी सापडली नाही तर फोटो दाखवून तिथल्या कर्मचाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, आणि हे सगळं टर्मिनलच्या दाराबाहेर पडण्याआधी. बाहेर गेल्यावर पुन्हा आत सोडत नाहीत. बॅग मिळाली तरी टॅगवरचं नाव वाचूनच उचला; तशीच दुसऱ्याची बॅग नागपूरला पोचली तर ती परत पाठवण्याचा खर्च आणि खटाटोप तुमच्याच माथी येतो.