कमी खर्चात कारची राखण: चावीपासून रिलेपर्यंत

कार चोरण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. स्टिअरिंगखालचे आवरण उचकटून इग्निशनच्या तारा जोडणे ही जुनी वाट. घरात ठेवलेली चावी गाडीजवळच आहे असे गाडीला भासवणे किंवा गाडीच्या संगणकाला नवी चावी ओळखायला लावणे या अलीकडच्या. शिवाय चालू ठेवलेली गाडी, दुर्लक्षित राहिलेली चावी आणि टोचन लावून ओढून नेणे हे आहेच. बाजारात मिळणारे कोणतेही साधन यांपैकी एक-दोन वाटाच अडवते. सगळ्या अडवायला बराच पैसा लागतो. आपल्या गाडीची जी वाट उघडी आहे तेवढीच अडवायला फार लागत नाही. म्हणून काही विकत घेण्याआधी चावी हातात घेऊन नीट पाहावी.

चावीवरून काय कळते

चावीचे डोके जाडसर प्लास्टिकचे असेल तर आत बहुधा ट्रान्सपॉन्डर नावाची चिप असते. खात्री करायला इग्निशन चालू करून मीटरकडे पाहावे. चावीचे किंवा कुलूप असलेल्या गाडीचे चित्र दोन-तीन सेकंद उजळून विझत असेल, तर गाडीला इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चिपशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारे कुलूप, आहे. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. चावी फिरवली की ते साधारण १२५ किलोहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते आणि चिपला लागणारी वीज त्या क्षेत्रातूनच मिळते. रिमोटचा सेल संपला तरी गाडी सुरू होते ती यामुळेच. मग गाडीचा संगणक एक संख्या पाठवतो, चिप आपल्याजवळच्या गुप्त संख्येने तिच्यावर गणित करून उत्तर देते आणि उत्तर चुकले तर इंजिन सुरू होऊ दिले जात नाही.

हे कुलूप अभेद्य नाही. २००५ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीज यांच्या संशोधकांनी अशा एका चिपमधले ४० बिटांचे सांकेतिकीकरण फोडून दाखवले होते. पण ते मुळातच नसणे किती महाग पडते हे अमेरिकेत दिसले. तिथे २०१५ सालच्या गाड्यांमध्ये इतर कंपन्यांच्या ९६ टक्के मॉडेलांत इमोबिलायझर मूळचाच होता. ह्युंदाई आणि किया यांच्या फक्त २६ टक्के मॉडेलांत. ही उणीव समाजमाध्यमांवरच्या चित्रफितींतून पसरली आणि २०२१ पासून नेमक्या याच गाड्यांच्या चोऱ्या प्रचंड वाढल्या. तुमच्या गाडीची चावी म्हणजे नुसती धातूची पट्टी असेल, तर खाली दिलेल्या छुप्या स्विचइतका पैसा वसूल करणारा दुसरा उपाय नाही.

तिसरा प्रकार म्हणजे बटण दाबून सुरू होणारी, खिशातली चावी ओळखणारी गाडी. इथे गाडी त्याच १२५ किलोहर्ट्झच्या आसपास साद घालते. हे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते, म्हणजे अंतर दुप्पट झाले की ताकद आठपट कमी. त्यामुळे ती साद दीड-दोन मीटरच्या पुढे पोचत नाही. चावीचे उत्तर मात्र ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर येते आणि कित्येक मीटर सहज जाते. गाडीचा सगळा विश्वास एका गृहीतकावर उभा असतो: चावीने साद ऐकली, त्या अर्थी ती जवळ आहे. चोर हे गृहीतकच मोडतात. एक जण गाडीपाशी आणि दुसरा घराच्या भिंतीपाशी उपकरण घेऊन उभा राहतो. गाडीची साद उचलून भिंतीपलीकडच्या चावीपर्यंत पोचवली जाते. यात कोणतेही सांकेतिकीकरण फोडावे लागत नाही. झ्युरिकच्या ईटीएच संस्थेतल्या संशोधकांनी २०११ साली दहा मॉडेलांवर ही युक्ती करून पाहिली होती आणि ती दहाही गाड्यांवर चालली.

यावरचा पहिला उपाय फुकटचा आहे. मालकाच्या पुस्तिकेत बिनचावी प्रवेश बंद करण्याची सोय आहे का ते शोधावे. काही गाड्यांत ती मेनूमध्ये असते, काहींत चावीवरची दोन बटणे ठरावीक क्रमाने दाबून. नव्या चाव्यांपैकी काहींत हालचाल ओळखणारा सेन्सर असतो आणि चावी काही मिनिटे स्थिर राहिली की ती उत्तर देणे थांबवते. तशी चावी असेल तर रात्री ती टेबलावर पडू द्यावी.

दोन्ही सोयी नसतील तर घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा. ४३३ मेगाहर्ट्झच्या लहरी ॲल्युमिनियमच्या फक्त ४ मायक्रोमीटर जाडीत मावळू लागतात, पण १२५ किलोहर्ट्झच्या क्षेत्राला त्यासाठी सुमारे ०.२३ मिलिमीटर जाडी लागते. स्वयंपाकघरातली फॉइल याहून दहा-पंधरा पट पातळ असते. शिवाय ती घडीवर फाटते आणि फट पडली की लहरींना वाट मिळते, म्हणून फॉइलवर विसंबू नये. पत्र्याच्या डब्याचीही परीक्षा घ्यावीच. चावी डब्यात घालून झाकण लावावे, डबा हातात धरून गाडीच्या दाराला चिकटून उभे राहावे आणि मूठ ओढून पाहावी. नंतर गाडीत बसून, डबा शेजारच्या सीटवर ठेवून स्टार्टचे बटण दाबावे. दोन्ही वेळा गाडी ढिम्म राहिली तरच डबा चांगला. चावी ठेवायच्या खास पाकिटांचीही हीच परीक्षा, आणि ती दर दोन-तीन महिन्यांनी; कारण आतले धातूचे कापड शिवणीपाशी झिजते. दुसरी, जादाची चावीही डब्यातच हवी. ती कपाटात उघडी राहिली तर पहिली झाकून उपयोग नाही. मायक्रोवेव्हमध्ये चावी ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. तो घेऊ नये. कोणी चुकून ते चालू केले तर चावी जळेल आणि आगही लागेल.

छुपा स्विच

चालू ठेवलेली गाडी आणि टोचन सोडले, तर वरच्या सगळ्या वाटांचा शेवट एकाच ठिकाणी होतो: चोराला इंजिन सुरू करावे लागते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात तर हेडलाइटपर्यंत गेलेल्या तारांतून गाडीच्या अंतर्गत जाळ्यात खोटे संदेश सोडून गाडी कशी पळवली जाते, हे उलगडून दाखवले होते. चावीचा त्यात संबंधच येत नाही. संगणकाला फसवले तरी स्टार्टर फिरणार नाही अशी एखादी साधी, तांब्याची तोड वाटेत असली, तर ही युक्तीही अडते.

तोड स्टार्टरच्या रिलेवर (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचवर) घालावी, इंधन पंपावर नाही, असे आमचे ठाम मत आहे. स्टार्टरच्या तोडीत बिघाड झाला तर उभी गाडी उभीच राहते. पंपाच्या तोडीतला स्विच हादऱ्याने सैल झाला तर भर रस्त्यात इंजिन बंद पडते. स्टिअरिंग जड होते, ब्रेकची मदत दोन-तीन दाबांत संपते. पंपाच्या तोडीचा एक फायदा खरा आहे. पाइपात उरलेल्या दाबावर इंजिन थोडे चालते आणि चोर काही अंतरावर गाडी सोडून देतो. तेवढ्यासाठी रोजचा धोका पत्करू नये.

स्टार्टर मोटर शंभर-दोनशे अँपियर किंवा त्याहून जास्त प्रवाह खेचते; तिच्या जाड तारेला हात लावायचा नाही. रिलेच्या वेटोळ्यातून मात्र जेमतेम ०.१५ अँपियर जातो. तेवढा प्रवाह लहानसा स्विच आरामात तोडतो.

काम असे. बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरच्या आकृतीवरून स्टार्टरचा रिले ओळखून उपटावा. नेहमीच्या चौकोनी रिलेवर ८५ आणि ८६ या वेटोळ्याच्या पिना, ३० आणि ८७ या मुख्य प्रवाहाच्या. आकडे नसतील तर मल्टिमीटर ओहमवर लावावा: ज्या दोन पिनांत साधारण ५० ते १२० ओहम दिसतात ते वेटोळे. आता गाडीची मूळ वायर न कापता काम करायचे असेल तर त्याच मापाचा निकामी रिले घ्यावा, त्याचे कवच उघडून आतले सगळे काढून टाकावे आणि फक्त पिना ठेवाव्यात. त्या पिनांपासून नव्या रिले सॉकेटपर्यंत चार वायरी न्याव्यात. ३० आणि ८७ साठी किमान २.५ चौरस मिलिमीटरची वायर, कारण सोलेनॉइडचा, म्हणजे स्टार्टरवरच्या विद्युतचुंबकी स्विचचा, प्रवाह यातूनच जातो. ८५ आणि ८६ साठी ०.७५ पुरते. या दोन्हींपैकी एक वायर मधेच तोडून तिची दोन टोके स्विचकडे न्यावीत. निकामी रिले फ्यूज बॉक्समध्ये खोचला आणि चांगला रिले नव्या सॉकेटमध्ये बसवला की झाले. गाडी विकताना सगळे उपटून मूळ रिले परत लावता येतो.

बिघाड होतात ते जोडांत. नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या वायरी उन्हाने टेपचा डिंक वितळला की सुटतात. टणक डाखही हादऱ्याने कडेला तुटतो. योग्य मापाचा क्रिंप जोड (दाबून घट्ट होणारी धातूची नळी), वर हीट श्रिंक स्लीव्ह (उष्णतेने आवळणारी नळी) आणि दर वीत-दीड वीतेवर वायर बांधून घेणे, एवढे केले तर वर्षानुवर्षे टिकते. बॉनेटखालून केबिनमध्ये येताना वायर पत्र्याच्या नंग्या भोकातून नेऊ नये. रबरी ग्रोमेटमधूनच न्यावी. काही गाड्यांत ही तोड संगणकाच्या लक्षात येते आणि पी०६१५ हा दोषसंकेत नोंदला जातो. स्विच बंद असताना कोणी स्टार्ट करून पाहिले की हे घडू शकते. त्याने इंजिनाला इजा होत नाही. पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या असतात आणि एकमेकींत पिळलेल्या दोन बारीक वायरी बहुधा संदेशवहनाच्या. या दोन्हींना हात लावू नये. फ्यूज बॉक्समध्ये उपटता येणारा रिलेच नसेल, तर काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्यावे.

स्विच पट्टा बांधून बसल्यावर हात पोचेल अशा जागी हवा, पण डॅशबोर्डच्या खालच्या कडेला नको. चोर पहिला हात तिथेच फिरवतो. याहून चांगली युक्ती म्हणजे प्लास्टिकच्या आवरणामागे चिकटवलेला रीड स्विच. बाहेरून काहीच दिसत नाही. ठरलेल्या जागी लहान चुंबक धरला की आतली पाती जुळतात. स्टार्टरला वीज काही क्षणच लागते, त्यामुळे इंजिन सुरू होईपर्यंत चुंबक धरला की पुरे. सिग्नलला थांबल्यावर इंजिन आपोआप बंद-चालू करणारी गाडी असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे दाबल्यावर दाबलेलाच राहणारा स्विच हवा. तो चालू करायचा राहिला आणि पहिल्यांदा गाडी ढकलून वगैरे भलत्याच मार्गाने सुरू झाली असली, तर पहिल्याच सिग्नलला अडकाल. जे काही बसवाल ते विमा कंपनीला आधी कळवावे.

वायरिंगला हातच लावायचा नसेल तर गाडी बरेच दिवस उभी राहणार असताना तोच रिले उपटून बरोबर न्यावा. रोज मात्र हे करू नये. वारंवार खोचण्या-उपटण्याने सॉकेटची पकड सैल होते, तिथला रोध वाढतो आणि प्लास्टिक तापून वितळते.

दिसणारे कुलूप

स्टिअरिंगला लावायचा दांडा स्वतः कितीही कडक पोलादाचा असला, तरी स्टिअरिंगची कडा तशी नसते. फोम आणि कातड्याखाली मऊ धातूची कांब असते. ती करवतीने दोन ठिकाणी कापली की दांडा अलगद निघतो. म्हणून सगळे चाक झाकणारी थाळी किंवा ब्रेकच्या पेडलला अडकणारा दांडा अधिक चांगला. विकत घेताना एखाद्या दिसणार नाही अशा कोपऱ्यावर कानस फिरवून पाहावी: ती चावली तर पोलाद मऊ, नुसती घसरली तर कडक. कुलूप लावून चाक दोन्हीकडे फिरवून पाहावे. दांडा डॅशबोर्डला किंवा दाराला अडून गाडी वळवता येत नसेल तरच तो कामाचा. टोचनाची भीती असेल तर गाडी उभी करताना चाके पूर्ण वळवून स्टिअरिंग लॉक करावे आणि हँडब्रेक ओढावा.

स्टिअरिंगखाली गाडीतले दोष तपासण्यासाठी जे सॉकेट असते त्यातून कोरी चावी नोंदवता येते. त्यावर पत्र्याचे कुलूपबंद झाकण बसवता येते; ते सॉकेट नुसते आवरणाच्या आत सरकवले तरी चोराची काही मिनिटे जातात. गॅरेजवाल्याला मात्र जागा सांगून ठेवावी.

गाडी रिमोटने बंद करताना कोणी त्याच वारंवारतेवर गोंगाट सोडत असेल तर दरवाजे उघडेच राहतात. दिवे लुकलुकले का, कुलपांचा खट्ट आवाज आला का, हे पाहून-ऐकूनच निघावे. बिनचावीच्या गाडीत चावी खिशात ठेवून मूठ ओढून पाहण्यात अर्थ नाही, कारण मुठीला हात लागताच गाडी स्वतःच कुलूप उघडते.

ट्रॅकरबद्दल थोडे हिशेबाने बोलले पाहिजे. सतत २० मिलिअँपियर खाणारा ट्रॅकर महिन्याला १४.४ अँपियर-तास ओढतो. ४५ अँपियर-तासांच्या बॅटरीचा हा जवळपास तिसरा हिस्सा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर झोपेत जाणारा, हालचालीने जागा होणारा ट्रॅकरच घ्यावा. तो पत्र्याखाली दडवला तर उपग्रह दिसत नाहीत. प्लास्टिकच्या आवरणाखाली किंवा मागच्या सीटच्या फोममध्ये ठेवावा.  ब्लूटूथचे स्वस्त टॅगही चालतात. ते डॅशबोर्डमध्ये ठेवू नयेत, तिथल्या उन्हाच्या तापमानात त्यांचा नाण्याएवढा सेल लवकर मरतो. पण अनोळखी टॅग सोबत फिरत असल्याचा इशारा ते चोराच्या फोनला देतात, त्यामुळे हाताशी वेळ थोडाच असतो. टॅग कुठे दिसला ते पोलिसांना सांगावे. एकट्याने तिथे जाऊ नये. त्यांना लागणारा १७ अक्षरांचा चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक आणि गाडीवरच्या खुणांचे फोटो फोनमध्ये काढून ठेवावेत, आणि कागदपत्रांची मूळ प्रत गाडीच्या बाहेर. चेसिस क्रमांक सगळ्या काचांवर कोरून घेता आला तर अवश्य घ्यावा. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच नसतात. कोरणाऱ्याने एक आणि शून्य यांच्या जागी ती घातली नाहीत ना, एवढे तपासून घ्यावे.