मसुदा टॅबवर (टॅबलेटवर) तपासताना

छपाईआधी तपासायला आमच्याकडून येणारा मसुदा लिंकच्या रूपात येतो, जोडलेली फाइल म्हणून नाही. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की प्रत्येकाच्या टॅबवर तिची वेगळी प्रत उतरते. एकजण आपल्या प्रतीत पत्ता सुधारतो, दुसरा आपल्या प्रतीत नावांचा क्रम बदलतो, आणि छपाईला नेमकी कोणती द्यायची हे कोणालाच सांगता येत नाही. लिंकमागे फाइल एकच असते. म्हणून ती डाउनलोड करू नका, आहे तिथेच उघडा.

गूगल डॉक्सची लिंक असेल तर टॅबवर त्याचे अ‍ॅप आधी घालून ठेवा, कारण ब्राउझरमध्ये पुष्कळदा नुसते वाचता येते. टॅब घरात चौघे वापरत असतील तर कोणाच्या खात्यातून फाइल उघडली आहे ते पाहा. परवानगी मागणारा पडदा आला तर बहुधा खाते चुकलेले असते.

वर्डची फाइल असेल तर टॅबचा आकार महत्त्वाचा. 10.1 इंचांपर्यंतच्या पडद्यावर वर्डच्या अ‍ॅपमध्ये साधे संपादन फुकट करता येते. त्याहून मोठ्या टॅबवर मायक्रोसॉफ्ट 365 ची वर्गणी नसेल तर फाइल फक्त वाचता येते. असे झाले तर कळवा, तोच मजकूर डॉक्सवर चढवून देऊ.

दुरुस्ती थेट करू नका, सुचवा

डॉक्सच्या अ‍ॅपमध्ये पेन्सिलीच्या खुणेवर टेकवा, मग वर उजवीकडच्या तीन टिंबांत जाऊन ‘सजेस्ट चेंजेस’ चालू करा. वर्डमध्ये ‘रिव्ह्यू’खाली ‘ट्रॅक चेंजेस’ आहे. आता तुम्ही खोडलेला शब्द नाहीसा होत नाही. त्यावर रेघ येते आणि नवा शब्द रंगात शेजारी दिसतो. आम्ही मान्य केला की तो मजकुरात बसतो. फोनवर ‘तिसऱ्या ओळीत चूक आहे’ असे सांगण्यापेक्षा हे केव्हाही बरे, कारण तुमच्या टॅबवरची तिसरी ओळ आमच्याकडे पाचवी असू शकते. पान छापल्यावर कसे दिसेल हे पाहायचे असेल तर डॉक्सच्या त्याच तीन टिंबांत ‘प्रिंट लेआउट’ आहे.

टॅबवर खरा त्रास कर्सरचा. बोट टेकवायचे एका अक्षरावर आणि कर्सर जाऊन बसतो शेजारच्या शब्दात. आयपॅडवर स्पेसबार दाबून धरा. कळांवरची अक्षरे पुसट होतात आणि बोट सरकवले की कर्सर हवा तिथे जातो. अँड्रॉइडवर जीबोर्ड कीबोर्ड असेल तर स्पेसबारवरून बोट डावी-उजवीकडे फिरवा. ऱ्हस्व-दीर्घ सुधारताना अख्खा शब्द पुसू नका. कर्सर अक्षराच्या पुढे ठेवून बॅकस्पेस एकदा दाबला की बहुतेक टॅबवर फक्त वेलांटी जाते, अक्षर राहते.

तुम्ही आम्हाला पाठवायचा जुना मजकूर कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टंकलेला असेल तर टॅबवर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसेल. मजकूर बिघडलेला नसतो, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत, आणावा लागतो. ते काम आमचे. टॅबवर फॉन्ट शोधत बसू नका.

नेट नसेल तेव्हा

प्रवासात तपासणार असाल तर नेट असतानाच, डॉक्सच्या अ‍ॅपमध्ये फाइलच्या नावाशेजारच्या तीन टिंबांतून ‘मेक अव्हेलेबल ऑफलाइन’ करून ठेवा. निघाल्यावर आठवले तर उपयोग नाही. वाटेत केलेले बदल टॅबवरच थांबतात आणि नेट आले की वर जातात. तोवर ते आम्हाला दिसत नाहीत. डॉक्समध्ये सेव्हचे बटण शोधू नका, मजकूर आपोआप जपला जातो. चुकून काही पुसले तर वरच्या डावीकडे वळलेल्या बाणावर टेकवा. फाइल बंद करून बसलात तरी हरकत नाही, जुनी आवृत्ती आम्ही संगणकावरून परत आणू शकतो.

लिंक मात्र पुढे कोणाला पाठवू नका. आणखी कोणाला दाखवायचे असेल तर त्यांचा ईमेल द्या. त्यांना फक्त वाचायचे आहे की शेरेही लिहायचे आहेत तेही सांगा, त्याप्रमाणे परवानगी देऊ.

तपासून झाले की शेवटच्या ओळीवर कॉमेंट टाकून ‘छापा’ एवढेच लिहा. ते दिसेपर्यंत फाइल छपाईला जात नाही.